माळ्यावरची मांजरीण आणि खोलीतल्या सासूबाई

पत्र (थोडं कमी करून)

ताई, नमस्कार. मी ३२ वर्षांची, कल्याणला एका सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहते. मला पाचवा महिना चालू आहे. दहा-बारा दिवसांपूर्वी आमच्या मागच्या गॅलरीतल्या माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागे, एक करड्या पट्ट्यांची मांजरीण व्यायली. तीन पिल्लं आहेत, आत्ता कुठे डोळे उघडलेत. सासूबाईंचं (वय ७२) तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. 'घरात पोटुशी बाई असताना मांजर व्यायलं, हे बरं नव्हे. रात्री रडतं ते,' असं सारखं चालू असतं. रविवारी त्यांनी वॉचमनला दोनशे रुपये देऊन पिल्लं पोत्यात घालून भाजी मार्केटला सोडायला सांगितलं. मी वेळेवर पाहिलं म्हणून वाचली. मी वॉचमनला झापलं आणि सासूबाईंना शेजाऱ्यांसमोर म्हटलं, 'तुमच्या पोटात माया आहे की नाही?' त्या काही न बोलता खोलीत गेल्या. तेव्हापासून त्यांचं ताट खोलीतच जातं.

नंतर नवऱ्याने सांगितलं, की त्यांची पहिली मुलगी सातव्या दिवशी गेली होती. पन्नासएक वर्षं झाली, संगमनेरजवळच्या गावातली गोष्ट. आधी नीट दूध प्यायची, मग ओढायचीच थांबली, अंग ताठ झालं. आदल्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत मांजर शिरलं होतं. 'दार मीच उघडं ठेवलं,' एवढंच त्या म्हणतात. ऐकून मला वाईट वाटलं, पण म्हणून अंधश्रद्धेपुढे मान तुकवायची का? त्यात डॉक्टर म्हणाल्या, मांजरापासून लांब राहा. नवरा म्हणतो, तुम्ही दोघी काय ते बघा. मी पिल्लं वाचवू की घर सांभाळू?

उत्तर

पिल्लं मार्केटला जाणार नाहीत, हे आधी पक्कं करून टाकू. पण पिल्लांचं बघण्याआधी तुम्हाला एक वाक्य परत घ्यायचं आहे. सात दिवसांचं लेकरू मातीत ठेवून आलेल्या बाईला तुम्ही चारचौघांत विचारलंत, की तुझ्या पोटात माया आहे की नाही. तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं, हे खरं. आता माहीत आहे. त्या खोलीत जेवतात ते मांजरावरून नव्हे, या वाक्यावरून, असं मला तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचून वाटतं.

तुमच्या पत्रात सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. 'दार मीच उघडं ठेवलं.' यात मांजर फक्त निमित्त आहे. पन्नास वर्षं त्या स्वतःला दोषी धरून बसल्यात. मांजराचा आवाज आला की त्यांना अपशकुन आठवत असेलच, पण त्याआधी ते उघडं दार आठवत असणार. आणि आता त्याच घरात सून गरोदर, आणि मांजर थेट माळ्यावर.

आपल्याकडे पाचवी-सहावीची रात्र म्हणजे काय असतं, हे तुमच्या पिढीला कदाचित ऐकूनच माहीत असेल. पाटा-वरवंट्याची पूजा, बाळाच्या उशाशी विळा किंवा कोयता, रात्रभर दिवा. सटवाई येते आणि कपाळावर पुढचं सगळं लिहून जाते. त्या रात्री घरातल्या बायका जाग्या राहतात, दार लावून घेतात. बाळंतिणीच्या खोलीत मांजर येऊ द्यायचं नाही, हा दंडकच. दुधाचा वास, उबदार बाळ, त्यात मांजर अंगावर येऊन बसेल ही भीती. नुकत्या जन्मलेल्या बाळापासून जनावर लांब ठेवावं, यात चूक काही नाही. पण अशा रात्री थकून डोळा लागलेल्या विशी-बाविशीच्या पोरीने जागी होऊन पाहिलं, की दार उघडं आणि खोलीत मांजर. आणि दुसऱ्या दिवशी बाळ गेलं. आजूबाजूच्या बायका काय बोलल्या असतील, ते मी लिहीत नाही. बारसं बाराव्या दिवशी. म्हणजे त्या मुलीला नावसुद्धा मिळालं नाही.

आता वैद्यकीय बाजू. मी डॉक्टर नाही आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या बाळाचं निदान पत्रावरून कोणीच करू शकणार नाही. पण तुम्ही लिहिलेली लक्षणं नवजात बाळाच्या धनुर्वाताशी तंतोतंत जुळतात. बाळ पहिले काही दिवस छान दूध पितं, मग जबडा आवळला जातो, ओढता येत नाही, अंग ताठ होतं, झटके येतात. बहुतेक वेळा हे तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान होतं आणि सातवा-आठवा दिवस त्यात फार ठळक. उत्तर भारतात काही ठिकाणी तर लोक त्याला आठव्या दिवसाचाच आजार म्हणत. कारण मांजर नव्हे. नाळ विळ्याने, कोयत्याने किंवा जुन्या ब्लेडने कापायची आणि जखमेवर राख किंवा शेण लावायचं, ही तेव्हाची सर्रास पद्धत. मातीत आणि शेणात धनुर्वाताचे जंतू असतात, ते नाळेवाटे आत जातात. सुईण वाईट नव्हती, आईने हयगय केली असंही नाही. गरोदर बाईला धनुर्वाताची लस द्यायची आणि नाळ निर्जंतुक हत्याराने कापायची, एवढ्या दोन गोष्टींनी हे मरण टळतं. त्या गावापर्यंत त्या वेळी या दोन गोष्टी पोचल्या नसाव्यात. भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं ते २०१५ साली. इतका वेळ लागला.

तुम्हाला गरोदरपणात धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं असेल. टीडी म्हणून कार्डावर नोंद असते. नसेल तर या आठवड्यात डॉक्टरांना विचारा. ते कार्ड घेऊन सासूबाईंच्या खोलीत जा. आधी माफी मागा, साध्या शब्दांत, 'मी बोलले ते चुकलं' एवढंच. 'पण' लावू नका. मग त्यांना बोलायचं असेल तर त्या मुलीबद्दल विचारा. दिसायला कशी होती, केस होते का, कोणावर गेली होती. नसेल बोलायचं तर नुसतं बसा. धनुर्वाताची गोष्ट त्याच दिवशी सांगायची घाई नको. एक-दोन दिवसांनी कार्ड दाखवा आणि म्हणा, 'आई, ही सुई तेव्हा तुम्हाला मिळाली असती तर आपली ताई वाचली असती असं वाटतं. दार उघडं राहिलं म्हणून काही झालं नाही.' त्यांना पटेलच असं नाही. पन्नास वर्षांचं ओझं एका वाक्याने उतरत नाही. पण हे वाक्य त्यांना आजवर कोणी म्हटलेलं नसणार.

तुम्ही अंधश्रद्धेचा प्रश्न काढला आहे म्हणून त्याबद्दलही लिहिते, कारण मांजराबाबत आपल्या लोकांच्या मनात एकच एक गोष्ट कधीच नव्हती. मांजर आडवं गेलं की चार पावलं मागे यायचं, हे खरं. पण त्याच घरात मांजर मारणं हे इतकं मोठं पाप, की काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान केल्याशिवाय ते फिटत नाही. आजीच्या तोंडून हे ऐकलं नाही असं मराठी घर विरळाच. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातही मांजर मारल्याबद्दल प्रायश्चित्त सांगितलं आहे. वाघाला झाडावर चढण्यावाचून सगळं शिकवणारी ही त्याची मावशी पोरांच्या गोष्टींत कायम शहाणी असते. व्यायलेली मांजरीण पिल्लांना सात घरं दाखवते असं म्हणतात, आणि त्यात निरीक्षण पक्कं आहे. जागा सुरक्षित वाटली नाही की ती खरोखरच एकेकाला मानेला धरून दुसरीकडे नेते.

आडवं जाण्याचं एक 'शास्त्रीय' कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतं. रात्री बैलगाडीसमोर रानमांजराचे डोळे चमकायचे, बैल बुजायचे, म्हणून गाडी थांबवायची पद्धत पडली, वगैरे. मला ते मागाहून जुळवलेलं वाटतं. सासूबाईंना पटवायला असलं काही पुढे करू नका. भीतीचा एक खोटा आधार काढून दुसरा खोटाच आधार दिला तर हातात काही उरत नाही.

बंगालमध्ये तर याच्या अगदी उलट चित्र आहे. आपली सटवाई म्हणजे तिकडची षष्ठी, बाळांची रखवालदार, आणि तिचं वाहन मांजर. तिच्या व्रताची कथा अशी : घरातली धाकटी सून चोरून खायची आणि आळ काळ्या मांजरावर घ्यायची. मांजराला उगाच मार बसायचा. मांजराने षष्ठीकडे गाऱ्हाणं नेलं. पुढे सुनेला मूल झालं की मांजर ते उचलून देवीकडे नेऊन ठेवायचं. शेवटी सुनेने मांजराची क्षमा मागितली तेव्हा सगळी मुलं परत मिळाली. ही कथा मी फक्त तुमच्यासाठी लिहिली, नाहक आळ घेतला जाणं आपल्याच नव्हे तर मांजराच्याही वाट्याला येतं हे त्या व्रताने किती जुन्या काळी ओळखलं, म्हणून. सासूबाईंना ती सांगू नका. मांजर मूल घेऊन गेलं आणि देवीने परत दिलं, हे ऐकून त्यांच्या जिवाला काय होईल याचा विचार करा. त्यांचं कोणी परत दिलं नाही.

वॉचमनदादांचं राहिलं. त्यांना तुम्ही झापलंत. बारा-बारा तासांची ड्यूटी, एका घरातल्या आजी पोतं हातात देतात, त्याच घरातल्या सूनबाई ओरडतात. आणि नोकरी टिकवायची तर दोघींना 'हो' म्हणायचं. त्यांनाही सॉरी म्हणा. दोनशे रुपये त्यांच्याकडेच राहू द्या. एकनाथांनी काशीची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी ओतली, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. पैठणच्या तापलेल्या वाळूत रडणारं अस्पृश्य मानलेल्या घरातलं पोर त्यांनी कडेवर घेऊन घरी पोचवलं, ही दुसरी गोष्ट त्यांच्याच चरित्रात सांगतात, ती मात्र कमी आठवली जाते. मला वाटतं, दुसरीची किंमत त्यांना जास्त मोजावी लागली असेल. गाढवाला पाणी पाजलं म्हणून कोणी वाळीत टाकत नाही. मुक्या जिवावर माया करणं आपल्याला सोपं जातं, कारण तो उलटून बोलत नाही. आपल्याला दुखावणाऱ्या, हट्टी, भ्यालेल्या माणसाशी तसंच वागणं कठीण. तुमच्या घरात आत्ता दोन्ही एकदमच पुढ्यात आली आहेत.

आता पिल्लांचं. दहा-बारा दिवसांची पिल्लं आईवेगळी झाली तर जगत नाहीत. त्यांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, दर दोन-तीन तासांनी दूध लागतं, शी-शूसुद्धा आईने चाटल्याशिवाय होत नाही. मार्केटच्या कोपऱ्यात एक रात्रही काढणं कठीण. आणि मांजरीण मागे राहिली असती ती घरभर, जिन्यात, गॅलरीत पिल्लांना हाका मारत दिवसेंदिवस फिरली असती. सासूबाई ज्या रडण्याला घाबरतात ते रडणं असं सुरू झालं असतं. एरवी रात्रीचं जे 'मांजराचं रडणं' आपण ऐकतो ते बहुतेकदा माजावर आलेल्या मांजरीचं किंवा भांडणाऱ्या बोक्यांचं ओरडणं असतं.

जागा बदलायची असेल तर ती मांजरीणच बदलेल, आपण फक्त सोय करायची. एक मोठं खोकं घ्या, एका बाजूला तिला आत शिरता येईल एवढं कापा, आत जुनी सुती साडी घाला. पार्किंगमध्ये जिन्याखाली, जिथे पाऊस आणि कुत्री येत नाहीत अशा कोपऱ्यात ठेवा. तिचं खाणं आणि पाणी रोज त्या खोक्याजवळ ठेवायचं, गॅलरीत नाही. खायला साधा भात-मासा किंवा नुसतं उकडलेलं चिकन, मीठ-मसाला-कांदा-लसूण काही नको. दूध नको. पुष्कळशा मोठ्या मांजरांना गाईचं दूध पचत नाही, जुलाब होतात. आपण गोष्टींमध्ये मांजराला इतकं दूध पाजलंय, की हे कोणाला खरंच वाटत नाही. चार-सहा दिवसांत ती पिल्लं स्वतः खाली नेण्याची शक्यता बरीच आहे. नाही नेली तर गॅलरीचं आतलं दार बंद ठेवा आणि सासूबाईंना दाखवा, की कडी लागलेली आहे. रोज रात्री ती कडी त्यांनाच लावू द्या. हे मी फार विचार करून लिहिते आहे.

पिल्लं चौथ्या आठवड्यापासून हळूहळू खायला लागतात, पण आईजवळ निदान आठ आठवडे राहू द्या. तोवर त्यांच्यासाठी घरं शोधा. ओळखीतली, पुन्हा फोन करून विचारता येईल अशी. त्यानंतर लगेच मांजरिणीची नसबंदी करून घ्या. अंगावर पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते, आणि जेमतेम दोन महिन्यांत पुन्हा व्यायते. नसबंदी नाही केली तर दिवाळीत हेच पत्र तुम्ही मला परत लिहाल. कानाचं टोक किंचित कापलेलं मांजर दिसलं तर समजायचं, त्याची नसबंदी झालेली आहे.

सोसायटीतलं कोणी पिल्लं उचलून टाकायला निघालंच, तर प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आहे, आणि जनावराला मारणं, विष घालणं, जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे. कमिटीशी बोलताना हे कामाला येईल. सासूबाईंसमोर कायद्याचा 'क' काढू नका.

डॉक्टरांचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे, ते पाळा. त्यांना काळजी आहे टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची. गरोदरपणात त्याचा पहिल्यांदा संसर्ग झाला तर बाळाला धोका असतो. तो मांजराच्या विष्ठेतून पसरतो, लहान आणि शिकार करणाऱ्या मांजरांकडून जास्त. विष्ठेतले जंतू संसर्ग करण्याजोगे व्हायला निदान एक दिवस लागतो, म्हणून घाण रोजच्या रोज काढली तर धोका बराच घटतो. काढायची मात्र तुम्ही नाही. खोकं, माळा, कुंड्यांमधली माती, यांना तुम्ही हात लावू नका. आणि हे लक्षात ठेवा, की माणसाला हा संसर्ग कच्च्या मटणातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही होतो. मेथी-कोथिंबीर नीट धुवा, मटण पूर्ण शिजवा. तुमच्या डॉक्टरांना या परजीवीच्या रक्ततपासणीबद्दल विचारा. पूर्वी संसर्ग होऊन गेलेला असेल तर काळजी बरीच कमी होते. घरात कोणालाही मांजर चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठायचा. पोटात चौदा इंजेक्शनं आता देत नाहीत, दंडात चार-पाचच असतात.

राहता राहिले तुमचे यजमान. 'तुम्ही दोघी काय ते बघा' हे त्यांना चालणार नाही. माळ्यावरची घाण रोज सकाळी काढणं, खोकं खाली नेऊन ठेवणं, मांजरिणीला पिंजऱ्यात घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेणं, कमिटीच्या मीटिंगला उभं राहून बोलणं, ही सगळी कामं त्यांची. आणि रात्री जेवताना स्वतःचं ताट उचलून आईच्या खोलीत जाऊन बसणं हेसुद्धा. गेली ती त्यांची बहीण होती. आईला तिच्याबद्दल पहिला प्रश्न त्यांनी विचारायला हवा, तुम्ही त्यांच्या मागून जा.